लूव्हेनचं पत्र : हुसर्लच्या कपाटांच्या गावात

लूव्हेन, बेल्जियम

या देशात ‘बेल्जियन’ नावाची भाषा नाही. उत्तरेच्या फ्लँडर्समध्ये डच, दक्षिणेच्या वालोनियात फ्रेंच, पूर्वेला जर्मन बोलणारी चिंचोळी पट्टी आणि राजधानी ब्रुसेल्स कागदोपत्री द्विभाषिक. बेळगाव-निपाणीच्या बातम्या वाचत वाढलेल्या मराठी माणसाला हा देश इतर परदेशी विद्यार्थ्यांपेक्षा लवकर उमगतो. १४२५ साली स्थापन झालेलं इथलं विद्यापीठ याच भांडणात दुभंगलं. लूव्हेन डच मुलखात, पण विद्यापीठात फ्रेंचचाही मोठा वावर. ‘वालोन, चालते व्हा’ अशा घोषणा रस्त्यावर आल्या, १९६८मध्ये त्यापायी सरकार पडलं आणि फ्रेंच विभागाने पुढे दूर शेतजमिनीत लूव्हें-ला-नव्ह नावाचं नवं गावच वसवलं. ग्रंथालयातली पुस्तकं बरीचशी सम-विषम क्रमांकांनी वाटली गेली. हा तोडगा काढणारे लोक विद्वान होते, हे लक्षात ठेवावं.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला मात्र हे गाव हुसर्लमुळे ओढून आणतं. तत्त्वज्ञ एडमंड हुसर्ल एप्रिल १९३८मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला वारला. जन्माने ज्यू, तेव्हा नाझी राजवटीत त्याच्या कागदांचं काय होणार हे उघड होतं. व्हान ब्रेडा हा तरुण फ्रान्सिस्कन धर्मगुरू आपल्या पीएच.डी.साठी ते पाहायला गेला आणि बेल्जियन वकिलातीची मदत घेऊन सगळंच घेऊन आला : लघुलिपीत लिहिलेली सुमारे ४०,००० पानं आणि हुसर्लचा ग्रंथसंग्रह. पुढे हुसर्लच्या पत्नीलाही युद्धाच्या काळात जवळच्याच कॉन्व्हेंटमध्ये आसरा मिळाला. १९३९मध्ये तत्त्वज्ञ मेर्लो-पाँती ही हस्तलिखितं वाचायला फ्रान्सहून इथे आला. मे १९४०मध्ये विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालय दुसऱ्यांदा जळालं (पहिल्यांदा १९१४मध्ये), पण हे कागद वाचले.

इथली तत्त्वज्ञानाची संस्था १८८९ची, मर्सिए या धर्मगुरूने पोपच्या इच्छेवरून काढलेली. हेतू थॉमस अक्वायनसचा विचार नव्या काळात जिवंत ठेवण्याचा. आज त्याच वर्गांत नीत्शे आणि देरिदा शिकवतात, आणि समोर पुष्कळ वेळा भारतातून आलेले तरुण फादर बसलेले असतात. श्रीरामपूर-संगमनेरकडच्या ख्रिस्ती घरांना यात नवल वाटणार नाही. धर्मगुरू व्हायचं तर आधी तत्त्वज्ञान शिकावं लागतं, हे त्यांना ठाऊक आहे. माझ्यासारख्याला नवल वाटलं ते शिकवण्याच्या पद्धतीचं. संपूर्ण सत्र एकच ग्रंथ, कधी त्यातली पन्नासेक पानंच. नेवाशात एका ओवीवर तासभर निरूपण ऐकलेल्याला ही चाल ओळखीची वाटते, फरक एवढाच की इथे श्रोत्याने मध्येच हरकत घ्यावी अशी अपेक्षा असते. पुण्याच्या विद्यापीठाच्या परीक्षेत ‘हायडेगर : टीप लिहा’ अशा प्रश्नांची उत्तरं लिहून आलेल्यांची पहिले काही आठवडे तारांबळ उडते. पुष्कळ परीक्षा तोंडी असतात. गुण २० पैकी, १० ला उत्तीर्ण, आणि १६ मिळाले तर घरी फोन करावा.

शिकवणं इंग्रजीतून, एक वर्षाचं एम.ए., शिवाय दोन वर्षांचा संशोधनाचा अभ्यासक्रमही आहे. पण इंग्रजी दारापर्यंतच नेते. प्रबंधाचा विषय सांगायला गेलं की पहिली विचारणा होते, मूळ जर्मन वाचता का? भाषांतरावर प्रबंध लिहिता येतो, लिहितातही. पण हुसर्लची कपाटं त्यांच्यासाठी उघडून काय उपयोग?

राहण्याचं थोडक्यात. खोली घेतली की पालिकेत नोंद करायची, मग खरंच तिथे राहता का हे बघायला पोलीस दारात येतो, घाबरू नये. शुक्रवारी दुपारी फ्लेमिश मुलं चाकांच्या बॅगा ओढत आपापल्या गावी जातात आणि रविवारी रात्री परततात. मधले दोन दिवस गाव परदेशी विद्यार्थ्यांचं. बहुतेक दुकानंही रविवारी बंद, तेव्हा भाजी शनिवारीच आणावी.

नोकरीचं विचाराल तर शिक्षणानंतर काम शोधण्यासाठी वर्षभर राहण्याची परवानगी मागता येते. परंतु डच न येणाऱ्या तत्त्वज्ञानाच्या पदवीधराची इथे कुणी वाट पाहत नाही. पुढे पीएच.डी. करायची असेल तरच हा खर्च करावा. कर्ज काढून, परत येऊन प्राध्यापकी मिळेल या भरवशावर तर मुळीच येऊ नये, कारण आपल्याकडची प्राध्यापक भरती कशी चालते ते सगळ्यांना माहीत आहे.

तरीही ज्यांना यायचंच आहे त्यांनी आधी पुण्यात एम.ए. करावं आणि त्याच दोन वर्षांत रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकून घ्यावं. इथलं वर्ष सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतं, मात्र युरोपबाहेरच्यांचे अर्ज त्याच्या कितीतरी आधी, साधारण मार्चच्या सुरुवातीलाच बंद होतात.