एका जिल्ह्यात दोन महाराष्ट्र केसरी

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अहिल्यानगर जिल्ह्याने मात्र २०२५ साली अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने दोन महाराष्ट्र केसरी पाहिले. २ फेब्रुवारी रोजी नगरच्या वाडिया पार्क मैदानावर पृथ्वीराज मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला आणि ३० मार्च रोजी याच जिल्ह्यातील कर्जत येथे वेताळ शेळके महाराष्ट्र केसरी झाला. दोघेही मर्द गडी, दोघांनीही घाम गाळून गदा मिळवली आणि त्या दोघांपैकी कोणाच्याही कर्तृत्वाला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु कुस्तीशौकिनाच्या मनात जो साधा प्रश्न उभा राहिला, त्याचे उत्तर देण्यास कोणीही पुढे आले नाही. महाराष्ट्रातील सर्वश्रेष्ठ मल्ल कोण, हे ठरविण्यासाठी जी स्पर्धा १९६१ साली सुरू झाली, त्या स्पर्धेचे विजेते एकाच वर्षी दोन कसे?

हा प्रश्न विचारणारा माणूस कोण आहे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. तो मंडपातल्या सोफ्यावर बसलेला निमंत्रित नव्हे. तो पाथर्डी, शेवगाव, श्रीगोंदा, जामखेड, अकोले अशा तालुक्यांतून कामधंदा सोडून आलेला, दुपारच्या उन्हात जागा धरून बसलेला प्रेक्षक आहे. नगर जिल्ह्यात चैत्रापासून गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा हगामा भरतो. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्यांपासून ते शेवटच्या मोठ्या इनामाच्या कुस्तीपर्यंत हा माणूस हलगीच्या तालावर बसून असतो. कोणत्या मल्लाने पट काढला, कोणाची पकड सैल पडली, कोणी वेळ काढीत आहे, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. अशा जाणत्या प्रेक्षकाला फार काळ फसविता येत नाही. आणि तो एकदा उठून गेला, की सहसा परत येत नाही.

वाडिया पार्कवर त्या दिवशी काय घडले, ते सर्वांनी पाहिले आहे. गादी विभागाच्या अखेरच्या लढतीत पंचांनी मोहोळला चितपटीने विजयी घोषित केले. पराभूत ठरविलेल्या शिवराज राक्षेचे म्हणणे असे, की आपले दोन्ही खांदे गादीला टेकलेच नव्हते. चित्रीकरण पाहून निर्णय करावा. ती मागणी मान्य झाली नाही. तेव्हा राक्षेने पंचाची कॉलर धरली आणि त्याला लाथ मारली. मैदानात गोंधळ उडाला, पोलिसांना मध्ये पडावे लागले. त्यानंतरच्या किताबाच्या लढतीत माती विभागाचा विजेता महेंद्र गायकवाड याने, मोहोळ आघाडीवर असताना आणि काही सेकंदच शिल्लक राहिलेले असताना, गुणांच्या निर्णयावर नाराज होऊन गादी सोडली. राज्य संघटनेने राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांच्या निलंबनाची शिक्षा जाहीर केली.

पंचावर हात टाकणे वा पाय उगारणे हे कोणत्याही कारणाने समर्थनीय ठरत नाही, हे येथे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. खेळाडूने पंचाला मारायचे आणि प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायच्या, असे एकदा सुरू झाले तर उद्या पंच म्हणून उभे राहण्यास कोणीही धजावणार नाही. राक्षे हा काही नवखा पोरगा नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये धाराशिव येथे त्याने हाच किताब जिंकलेला होता. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये क्यूबाच्या आन्हेल मातोस या तायक्वांदोपटूने पंचाच्या तोंडावर लाथ मारली, तेव्हा त्याच्यावर जन्माची बंदी घालण्यात आली. त्या मानाने तीन वर्षांची शिक्षा सौम्यच म्हणावी लागेल.

तथापि शिक्षा सुनावली म्हणजे संघटनेचे कर्तव्य संपले, असे मानणाऱ्यांनी त्याच ऑलिंपिकमधली दुसरी एक घटना आठवून पाहावी. स्वीडनचा मल्ल आरा अब्राहमियन याने उपान्त्य लढतीतल्या निर्णयाविरुद्ध दाद मागण्याचा प्रयत्न केला. ती मिळाली नाही, म्हणून पदकवितरणाच्या वेळी त्याने आपले कांस्यपदक गादीवर ठेवून दिले आणि तो चालता झाला. त्याच्यावर कारवाई झाली. परंतु पुढे क्रीडा लवादापुढे प्रकरण गेले, तेव्हा लवादाने आंतरराष्ट्रीय कुस्ती महासंघालाच सुनावले, की मल्लाला जागेवर व वेळेवर दाद मागता येईल अशी यंत्रणा ठेवणे हे तुमचे काम होते. मल्लाचे वर्तन आणि संघटनेची जबाबदारी हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर दिल्याने दुसऱ्यातून सुटका होत नाही. नगरच्या प्रकरणातला धडा नेमका हाच आहे.

आधुनिक कुस्तीत चितपटीचा निर्णय एकट्या पंचाच्या हातात ठेवलेला नाही. गादीवरचा पंच, बाजूला बसलेला न्यायाधीश आणि या दोघांवर देखरेख करणारा गादीप्रमुख अशी तिघांची रचना असते. पंचाने खांदे टेकल्याची खूण केली, तरी उरलेल्यांची संमती त्याला लागते. गुणांविषयी शंका आली, तर मल्लाच्या कोपऱ्यातून आव्हान देता येते, चित्रीकरण पाहिले जाते आणि आव्हान फसले तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. ही सारी व्यवस्था पंचावर अविश्वास दाखविण्यासाठी नव्हे, तर पंचाचे रक्षण करण्यासाठी निर्माण झाली. शंकास्पद क्षण हजारो प्रेक्षकांसमोर मोठ्या पडद्यावर संथ गतीने दाखविला असता, तर राक्षेचे खांदे टेकले होते की नव्हते, याचा निकाल दोन मिनिटांत लागला असता. खांदे टेकले असते तर राक्षेचा राग तिथेच विरघळला असता. नसते टेकले तर लढत पुढे चालू राहिली असती. या दोन मिनिटांची काटकसर केल्यामुळे तीन मल्लांच्या आयुष्यावर डाग लागला. त्या तिघांत विजेताही आला, कारण त्याचा काहीएक दोष नसताना त्याच्या गदेभोवती कायमचे प्रश्नचिन्ह उभे राहिले. मागाहून नेमलेल्या चौकशी समितीतून काहीही निष्पन्न होवो, ती लढत काही पुन्हा लढता येत नाही.

बरे, हा प्रसंग प्रथमच घडला असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या स्पर्धेत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या लढतीत बाहेरच्या टांगेच्या डावाला चार गुण दिले गेले, त्यावरून साऱ्या महाराष्ट्रात गदारोळ उठला होता. त्या वेळीच निर्णयप्रक्रियेची फेररचना करण्याची संधी होती. ती दवडली गेली. दोन वर्षांनी तीच ठिणगी अधिक मोठी होऊन वाडिया पार्कवर पडली, यात आश्चर्य ते काय?

या अव्यवस्थेचे मूळ गादीवर नाही. ते गादीबाहेरच्या खुर्च्यांत आहे. मामासाहेब मोहोळांच्या पुढाकाराने उभी राहिलेली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद ही दीर्घकाळ या खेळाची एकमेव प्रातिनिधिक संस्था होती आणि शरद पवार अनेक वर्षे तिचे अध्यक्ष होते. २०२२ साली भारतीय कुस्ती महासंघाने ही परिषद बरखास्त केली. रामदास तडस यांच्या अध्यक्षतेखाली राज्य कुस्तीगीर संघ उभा राहिला. परिषदेने ते मान्य केले नाही आणि प्रकरण न्यायालयांत गेले. परिणामी नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्याजवळ फुलगावला एक महाराष्ट्र केसरी झाला, तो सिकंदर शेख. आणि धाराशिवला दुसरा, तो राक्षे. २०२५ मध्ये तोच प्रयोग नगर जिल्ह्यात झाला. नगर शहरातल्या स्पर्धेमागे तिथले आमदार संग्राम जगताप होते, कर्जतच्या स्पर्धेमागे तिथले आमदार रोहित पवार. एकाच पक्षाच्या दोन शकलांतले हे दोन आमदार आपापल्या मैदानावर आपापला केसरी घडवीत होते. राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष फुटला तो जुलै २०२३ मध्ये. महाराष्ट्राची तालीम त्याआधी एक वर्षच फुटली होती, ही गोष्ट विसरता कामा नये.

राजकीय पुढाऱ्यांनी कुस्तीला आश्रय देऊ नये, असे मुळीच म्हणावयाचे नाही. संस्थानिकांच्या आश्रयावरच ही विद्या वाढली. शाहू छत्रपतींनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले नसते, तर मराठी कुस्तीचा इतिहास वेगळा झाला असता. प्रश्न आश्रयाचा नसून मालकीचा आहे. आश्रयदाता मैदान देतो, इनाम देतो, मल्लाच्या खुराकाची सोय करतो आणि मग बाजूला बसून कुस्ती पाहतो. आजचा आश्रयदाता संस्थाच ताब्यात ठेवू इच्छितो. पंच कोण, स्पर्धा कोठे, कोणत्या गटाच्या तालमीचे मल्ल पात्र, या साऱ्यावर त्याची वा त्याच्या माणसांची छाया पडते. अशा स्थितीत पंचाने शंभर टक्के प्रामाणिक निर्णय दिला तरी तो कोणाला खरा वाटत नाही. अव्यवस्थापनाचे सर्वांत मोठे पाप हेच, की ते प्रामाणिक माणसालाही संशयित ठरविते.

याची किंमत कोण मोजतो? महाराष्ट्र केसरी हा केवळ मानाचा शब्द नाही. नरसिंग यादव आणि विजय चौधरी या तीन-तीन वेळा किताब मिळविणाऱ्या मल्लांना राज्य पोलीस दलात उपअधीक्षकाचे पद मिळाले. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा दहा-बारा वर्षे तालमीत राहतो, बाप जनावर विकून, प्रसंगी जमिनीचा तुकडा गहाण टाकून त्याच्या दूध-तूप-बदामाचा खर्च भागवितो, तो या एका आशेवर. किताब दोन झाले, उद्या तीन झाले, तर त्याची किंमत निम्म्याने नव्हे, तर पुरतीच संपेल. ज्या नाण्याच्या दोन टांकसाळी चालतात, ते नाणे बाजारात कोण घेईल?

आपल्या कुस्तीला हा रोग नवा नाही, असे इतिहास सांगतो. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविले. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. परंतु दोन लढतींच्या मध्ये विश्रांती मिळण्याचा नियम असतानाही जाधवांना दमलेल्या स्थितीत लगेच पुढच्या लढतीला उभे राहावे लागले, कारण त्यांची बाजू मांडणारा भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. एका शिक्षकाने घर गहाण टाकले आणि अधिकाऱ्याला वेळेवर हजर राहणे जमले नाही! भारतीय क्रीडाक्षेत्राची सारी कथा या एका वाक्यात सामावलेली आहे. सात दशकांनंतर २०२३ मध्ये जागतिक कुस्ती संघटनेने वेळेवर निवडणुका न घेतल्याबद्दल भारतीय महासंघालाच निलंबित केले, तेव्हा त्या कथेला नवे प्रकरण जोडले गेले इतकेच.

मग करावयाचे काय? उपाय अवघड नाहीत, इच्छा अवघड आहे. पहिली गोष्ट, दोन्ही संघटनांनी आपापले कायदेशीर वाद खुशाल चालू ठेवावेत. पण ते मिटेपर्यंत किताबाची लढत एकच होईल, असे राज्य शासनाने ठणकावून सांगावे आणि सरकारी अनुदान, मैदान, बंदोबस्त व नोकरीचा लाभ त्या एकाच स्पर्धेला द्यावा. दुसरी गोष्ट, पंचांची नेमणूक आयोजकांच्या व जिल्हा संघटनांच्या हातातून काढून स्वतंत्र मंडळाकडे सोपवावी, त्यांची नावे आधी जाहीर करावीत आणि त्यांना योग्य मानधन व संरक्षण द्यावे. तिसरी गोष्ट, गादी व माती या दोन्ही विभागांच्या अखेरच्या लढती आणि किताबाची लढत यांत चित्रीकरणाची तपासणी सक्तीची असावी आणि ती प्रेक्षकांना दिसावी. चौथी गोष्ट, मैदानावरच तासाभरात दाद ऐकणारी समिती असावी; दाद मागणाऱ्याला लाथ मारण्यावाचून दुसरा मार्ग नव्हता, असे म्हणण्याची संधीच कोणाला राहू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा संमत केला आणि त्यात क्रीडाविषयक तंट्यांसाठी राष्ट्रीय न्यायाधिकरणाची तरतूद आहे. परंतु दिल्लीचे न्यायाधिकरण वाडिया पार्कवरच्या संध्याकाळी धावून येणार नाही. ती व्यवस्था इथेच उभी करावी लागेल.

शेवटची गोष्ट हिशेबाची. नगर जिल्ह्यातल्या अनेक गावांत यात्रा संपली की जमा वर्गणी आणि हगाम्यात वाटलेले इनाम यांचा हिशेब देवळासमोर वाचून दाखविला जातो. ज्याने अकरा रुपये दिले, तोही उठून प्रश्न विचारू शकतो. ज्यांच्या स्पर्धांवर लाखो रुपये खर्च होतात, त्या राज्य संघटनांना हे बंधन का नसावे? प्रेक्षक हा केवळ गर्दी नव्हे. ज्याच्यामुळे या खेळाला किंमत आहे, तो खरा धनी आहे. त्याने २०२५ मध्ये दोन वेळा मैदान भरून दिले. पुढच्या वेळी त्याला पुन्हा दोन केसरी दाखविले, तर तो मैदानात येणार नाही, आपल्या गावच्या हगाम्याला जाईल. तिथे निदान पंच ओळखीचा असतो, हिशेब समोर असतो आणि चीत झालेला गडी चीतच असतो.