मंदीत क्लिकचा भाव

बाजार थंडावला की भोपाळच्या चौक बाजारातला जरी-जरदोजीचे बटवे विकणारा दुकानदार आधी जाहिरातीला कात्री लावतो. साहजिकच आहे. पण गूगलवरची जाहिरात बंद करण्याआधी तिचा हिशेब समजून घ्यायला हवा.

कोणी ‘भोपाळ जरदोजी बटवा’ असं शोधलं, की त्याच क्षणी जाहिरातदारांमध्ये लिलाव होतो. त्यात नुसती बोली चालत नाही. जाहिरात त्या शोधाशी किती जुळते, क्लिकनंतर उघडणारं पान किती कामाचं आहे, हेही मोजलं जातं. ढोबळमानाने सांगायचं तर १० रुपये बोली आणि दर्जा ४ म्हणजे ४०; ६ रुपये आणि दर्जा ८ म्हणजे ४८. छोटा दुकानदार वर जातो! पैसेही सहसा क्लिक झाला तरच पडतात. मंदीत बड्या कंपन्यांनी हात आखडला, तर क्लिकचा भाव उतरूही शकतो.

‘बटवा कसा शिवावा’ असं शोधणारा मात्र गिऱ्हाईक नव्हे. असे शोध जाहिरातीतून वगळता येतात. बहुतेकांचा पैसा इथेच गळतो, असं मला वाटतं.

आणि गूगल मॅपवरची दुकानाची नोंद फुकट असते. तिथली वेळ, फोन नंबर, फोटो आजच तपासा.