पाठीवर एकच वर्ष

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात जुन्या शेतांच्या बांधावर अजूनही लाकडी खांब उभे आहेत. कुणाच्या आजोबांनी रोवलेले, कुणाच्या पणजोबांनी. ऊन, बर्फ आणि पाऊस खाऊन ते राखाडी पडलेत, उभ्या भेगांनी भरलेत. जमिनीत गाडलेला भाग मात्र पन्नास-पन्नास वर्षांनंतरही टणक असतो. असा एखादा खांब उपटून त्यावर कुऱ्हाडीचा तिरपा घाव घातला, की राखाडी कवचाखालून लख्ख पिवळं लाकूड बाहेर येतं. या झाडाचं नाव ओसेज ऑरेंज. आजोबांच्या बांधावरचा खांब किंवा वडिलांनी तोडून गोठ्याच्या माळ्यावर वाळत टाकलेला ओंडका घ्यायचा आणि त्यांच्या आठवणीखातर त्यातून धनुष्य घडवायचं, असं करणारी माणसं तिकडे आहेत.

या कामातली एक गोष्ट कळल्यापासून ती माझ्या डोक्यातून जात नाही. अशा धनुष्याची सगळी मदार झाडाच्या एकाच वर्षाच्या वाढीवर असते. झाड सत्तर वर्षं वाढलेलं असो की शंभर, धनुष्याच्या पाठीवर त्यातलं एकच वर्ष, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, अखंड राहावं लागतं.

हे असं का, ते समजायला आधी हे झाड पाहायला हवं. ओसेज ऑरेंजचं मूळ घर फार लहान होतं. टेक्सस, ओक्लाहोमा आणि आर्कन्सा ही राज्यं जिथे भेटतात, त्या रेड नदीच्या खोऱ्याचा परिसर. पण त्याची कीर्ती त्या घरात मावली नाही. 1804 साली मेरिवेदर लुईस पश्चिमेच्या मोहिमेवर निघण्याच्या तयारीत होता, तेव्हा त्याने सेंट लुईसहून राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांना या झाडाच्या फांद्या कलमांसाठी पाठवल्या. धनुष्यासाठी या लाकडाला इतका मान आहे, की मूळ रहिवासी त्यासाठी शेकडो मैल तुडवतात, असं त्याने सोबतच्या पत्रात कळवलं. पुढे जॉन ब्रॅडबरी हा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ मिसुरी नदीवरच्या अरिकारा लोकांच्या वस्तीत पोहोचला. रेड नदीपासून हे ठिकाण हजाराहून जास्त किलोमीटर दूर. तिथे या लाकडाच्या एका धनुष्याचा भाव होता एक घोडा आणि एक घोंगडी. ज्या मुलुखात घोडा म्हणजे शिकार, प्रवास आणि प्रतिष्ठा, तिथे हा भाव म्हणजे काय, ते सांगायला नको.

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे झाड आपल्या फणसाचं नातेवाईक आहे. दोघंही तुती-वडाच्या कुळातली. कोकणात फणसाचा ओंडका करवतीखाली गेल्यावर आतून जो पिवळा गाभा निघतो आणि वर्षानुवर्षं हवा-उजेड खाऊन तांबूस-तपकिरी होत जातो, तीच वाट ओसेज ऑरेंजचीही आहे. दोघांच्या लाकडात मोरिन नावाचं एकच पिवळं रंगद्रव्य आहे. ओसेज ऑरेंजचं फळही विचित्र: हिरवं, खडबडीत, मोसंबीहून मोठं, चिकाने भरलेलं. आज ते आवडीने खाणारं मोठं जनावर जवळजवळ नाही. काही शास्त्रज्ञांना वाटतं, की हे फळ मॅस्टोडॉनसारख्या नामशेष झालेल्या प्रचंड प्राण्यांसाठी घडलं होतं. ते प्राणी गेले आणि बिया दूर नेणारं कुणी उरलं नाही. मूळ प्रदेश इतका आकसला त्याचं हे एक कारण असू शकेल.

मग माणसाने त्या बिया नेल्या. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मैदानी प्रदेशात आलेल्या शेतकऱ्यांकडे कुंपणाला ना दगड होते ना जंगल. ओसेज ऑरेंजची काटेरी रोपं दाट लावून, छाटून, एकमेकांत गुंतवून त्यांनी मैलोन् मैल जिवंत कुंपणं उभी केली. 1874 मध्ये जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट मिळालं आणि या कुंपणांचं काम संपत आलं. पण तारेला खांब लागतात, आणि ओसेज ऑरेंजइतका टिकाऊ खांब क्वचितच मिळतो. म्हणून त्याच झाडांचे खांब झाले, आणि आज नातवंडांच्या हाती लागतात ते हेच.

आता धनुष्याकडे वळू. वाकलेल्या धनुष्याला दोन बाजू असतात. लक्ष्याकडे असते ती पाठ, तिरंदाजाकडे असतं ते पोट. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट चेपलं जातं. दोन्हींच्या मधल्या पातळीवर जवळजवळ काहीच ताण नसतो. लाकूड दाबापेक्षा ताण फार चांगला सोसतं, साधारण दुप्पट किंवा त्याहून जास्त. तरीही धनुष्य फटकन मोडतं तेव्हा ते बहुतेक वेळा पाठीकडूनच मोडतं. कारण ताण सोसण्याची ही ताकद लाकडाच्या लांबट तंतूंमध्ये असते, आणि तंतू मध्येच कापला गेला तर त्याची ताकद तिथेच संपते. कापलेल्या तंतूच्या टोकापाशी एक सळ उचलली जाते, ती लांबत जाते आणि पुढच्या ओढीला धनुष्याचे दोन तुकडे होतात.

तंतू अखंड ठेवायचे, तर झाडाने ते जसे घातले तसेच राहू द्यायला हवेत. झाड दरवर्षी सालीखाली लाकडाचा एक नवा थर चढवतं. त्या थराच्या पृष्ठभागावर तंतू खालून वर सलग गेलेले असतात. म्हणून एक थर निवडायचा, त्याच्यावरचं सगळं काढून टाकायचं आणि त्याला स्वतःला कुठेही छेदायचं नाही. सहा फूट लांब पट्टीवर, गाठींच्या चढउतारांतून, एकाच वर्षाचा माग काढत जायचं. या कामात घाई चालत नाही.

आणि हे काम नजरेइतकंच कानाने होतं. ओसेज ऑरेंजच्या प्रत्येक वलयात दोन भाग असतात. वसंतात वाढलेला भाग मोठ्या छिद्रांचा आणि ठिसूळ, उन्हाळ्यात वाढलेला दाट आणि कठीण. कारागीर ओंडका शिकंज्यात आडवा घट्ट धरतो आणि दोन्ही टोकांना मुठी असलेली लांब सुरी आपल्याकडे ओढतो. पातं दाट थरातून जात असतं तेव्हा लांब, गुळगुळीत, पिवळ्या ढलप्या निघतात आणि आवाज सलग येतो. ठिसूळ थर लागला की आवाज करकरीत होतो, ढलपीचा भुगा पडायला लागतो. म्हणजे एक वर्ष संपत आलं, खाली त्याच्या आधीचं आहे. तिथे सुरी बाजूला ठेवायची, बोथट धारेची पट्टी घ्यायची आणि तो भुसभुशीत थर खरवडून काढायचा. खालून दाट लाकडाचा चकचकीत पृष्ठभाग उघडा पडतो. गाठ असेल तिथे हा पृष्ठभाग टेकडीसारखा उचलला जातो. त्या टेकडीवरूनही याच वलयाने जायचं. टेकडी सपाट केली, की धनुष्य तिथेच मोडणार हे ठरलेलं.

झाड कोणत्या साली तोडलं हे घरात माहीत असेल आणि बाहेरची वलयं शाबूत असतील, तर हे पाठीवरचं वर्ष मोजून काढता येतं. बाहेरून आत एकेक साल मागे जायचं. वर्ष आजोबांच्या लग्नाचं हवं की आईच्या जन्माचं, असं मनात योजता येतं. पण निवड शेवटी लाकूडच करतं. वलय जाड हवं, निरोगी हवं, किड्याने पोखरलेलं नको. चांगल्या पावसाच्या वर्षाचं वलय जाड, कोरड्या वर्षाचं पातळ. 1930च्या दशकात कॅन्ससची माती वाऱ्याने उडून गेली, त्या दुष्काळातल्या वर्षांची वलयं एकमेकांना चिकटून बसलेली असतात. त्यांतल्या एकाचा माग काढणं फार जिकिरीचं. म्हणजे आजोबांचा हात सैल होण्याजोगं वर्ष आणि चांगल्या धनुष्याचं वर्ष बहुधा एकच निघतं. जो पाऊस शेताला मिळाला, तोच बांधावरच्या झाडाला मिळाला होता.

पाठ ठरली की ती पुन्हा शिवायची नाही. यापुढचं सगळं तासकाम पोटाच्या बाजूने. इथे एक गणित कामाला येतं, आणि ते कागदावर न मांडताही प्रत्येक धनुष्यकाराच्या बोटांत असतं. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर आठपट. उलटीकडून पाहा: जाडी फक्त दहा टक्के कमी केली, तर ताठपणा सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. म्हणजे सुरुवातीला कुऱ्हाड चालते, मग कानस आणि शेवटी नुसती खरवडणी. अखेरच्या टप्प्यात पोटावरून निघणारा कीस फुंकरीने उडतो, आणि तेवढ्यानेही धनुष्याचा वाक बदललेला दिसतो.

वाक पाहायची पद्धत मला फार आवडते. भिंतीवर एक फळी ठोकलेली असते. धनुष्याची मूठ वर एका खाचेत बसवतात. त्याच्या दोरीला एक लांब दोर बांधून तो खाली जमिनीजवळच्या कप्पीतून नेतात. दोराचं दुसरं टोक घेऊन कारागीर भिंतीपासून दहा-बारा फूट मागे उभा राहतो, दोर ओढतो आणि नुसता बघतो. दोन्ही बाहू सारखे वाकतायत का? कुठे सपाट राहतंय? कुठे कोन पडतोय? जिथे ताठ, तिथे पेन्सिलीची खूण. खाली उतरवून खुणेवर चार हात खरवडायचं, परत चढवायचं आणि वीस-तीस वेळा अर्धवट ओढून सोडायचं. खरवडल्याचा परिणाम लाकूड लगेच दाखवत नाही. दोष दिसत असताना त्याच्यापुढे एक इंचही ओढायचं नाही. ओढलं तर अशक्त जागेवरचं पोट चेपलं जातं, तिथे आडव्या बारीक रेघा उमटतात आणि त्या कधी जात नाहीत. 1991 साली आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या, पाच हजार वर्षांपूर्वीच्या त्या प्रसिद्ध माणसाजवळ यू झाडाचं जवळजवळ सहा फुटी धनुष्य होतं, पण अपुरं. त्यावर तासण्याच्या खुणा तशाच आहेत. पोट उतरवत वाक जमवण्याचं काम त्याच्या हातून राहून गेलं होतं.

अमेरिकेतल्या मूळ रहिवासी कारागिरांचं रुंद, चपटं धनुष्य इंग्रजांच्या अरुंद, फुगीर पोटाच्या धनुष्यापेक्षा कमअस्सल आहे, असा समज बराच काळ होता. 1930च्या दशकात क्लॅरन्स हिकमन या भौतिकशास्त्रज्ञाने धनुष्यांची मापं घेऊन, गणितं मांडून तो मोडीत काढला. चपट्या, आयताकृती छेदात दाब सगळ्या पोटावर सारखा वाटला जातो, त्यामुळे तेवढ्याच लाकडातून जास्त काम निघतं. पाठीचा नियम मात्र कुठल्याही आकाराला चुकत नाही. आपल्याकडे सातपुड्यातल्या भिल्लांचा कामठा बांबूचा असतो, दोरीही बांबूच्याच सालीची. बांबूचे सगळ्यात चिवट तंतू सालीच्या लगत दाटलेले असतात. म्हणून जपानपर्यंतचे धनुष्यकार बांबूची पाठ तासत नाहीत, सालीचा पृष्ठभाग जसाच्या तसा ठेवतात. नियम तोच: निसर्गाने घातलेला पाठीवरचा थर अखंड राहू द्या.

हे ज्ञान किती सहज हरवू शकतं, हे इशीच्या आयुष्यावरून कळतं. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा हा अखेरचा माणूस. त्याचे लोक वसाहतवाल्यांनी कत्तली करून संपवले होते. 1911च्या ऑगस्टमध्ये तो एकटाच ऑरोव्हिल गावाजवळ बाहेर आला आणि 1916 मध्ये क्षयाने गेला. मधल्या वर्षांत त्याने विद्यापीठाच्या रुग्णालयातल्या सॅक्स्टन पोप या शल्यविशारदाला आपली धनुर्विद्या शिकवली. शिकवायला त्याच्याजवळ मुलगा-पुतण्या कुणीच उरला नव्हता. पोप यांनी ती विद्या पुस्तकात उतरवली, आणि आज अमेरिकेत घरच्या घरी लाकडी धनुष्य घडवणाऱ्यांची परंपरा बऱ्याच अंशी त्या दोघांच्या मैत्रीतून पुढे आली. दोरी चढवून ठेवलेलं किंवा उभं टेकवून ठेवलेलं धनुष्य दमतं आणि घामेजतं, असं इशी मानायचा. काम झालं की दोरी उतरवायची आणि धनुष्याला आडवं निजवायचं.

ही विश्रांती कामानंतरची. म्हणून आठवणीखातर बनवलेलं धनुष्य काचेच्या पेटीत लावून ठेवणं मला पटत नाही. इतक्या वर्षांचं लाकूड वाकण्यासाठीच निवडलं होतं, ते वाकलंच पाहिजे. तयार धनुष्याच्या पोटावर मुठीजवळ कारागीर शाईने दोन आकडे लिहितो: किती पौंड आणि किती इंच ओढीवर. मग स्वतःचं नाव, आणि अशा धनुष्यावर ज्यांचा खांब होता त्यांचंही. 45 पौंडांचं धनुष्य 28 इंच ओढलं, की त्यात साधारण 50 ज्यूल ऊर्जा साठते, म्हणजे पाच किलोचं पोतं मीटरभर उचलण्याइतकी. दोरी सुटताच तिचा बराचसा भाग क्षणार्धात बाणात उतरतो आणि बाण ताशी 160 किलोमीटरच्या आसपास वेगाने निघतो. बाणच नसेल तर तीच ऊर्जा जायला वाट सापडत नाही आणि ती उलटून बाहूंमध्ये शिरते. त्यामुळे धनुष्य घरातल्या पुढच्या पोराच्या हाती देताना पहिली ताकीद हीच दिली जाते: दोरीला बाण लावल्याशिवाय ओढून सोडायची नाही, एकदासुद्धा.