उसाशेजारचे उंच गवत कोणते?

नगर-मनमाड रस्त्यावर राहाता हे गाव आहे. या तालुक्यात पेरूच्या बागा आहेत, तसेच उसाचे मळेही आहेत. याच तालुक्यात लोणीजवळ प्रवरानगर येथे १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पाणी आले, ऊस आला आणि त्याबरोबर दुधाचा जोडधंदाही वाढला. गाई आल्या म्हणजे हिरवा चारा हवाच. म्हणून विहिरीजवळ, गोठ्यामागे, बांधाच्या कडेला माणसाहून उंच गवताचे ताटवे येथे दिसतात.

या गवताचे नाव विचारून पाहा. कोणी ‘हत्ती गवत’ म्हणेल, कोणी ‘नेपिअर’, कोणी ‘गिनी’, तर कोणी ‘यशवंत’. ही एकाच गवताची चार नावे आहेत की ही चार निराळी गवते आहेत? हा केवळ नावाचा वाद नाही. यांतले एक बियांपासून वाढते, तर दुसऱ्याचे बी पेरून काहीच हाती लागत नाही. एक बांधाबाहेर पसरते, दुसरे लावले तेथेच राहते. नाव चुकले तर शेतकऱ्याचा हंगाम वाया जातो. तेव्हा ओळख नीट करून घेऊ या.

प्रथम ऊस बाजूला काढू. उसाचे पान जेथे खोडाला सोडून बाहेर वळते, तेथे आतल्या बाजूस पाहा. तेथे एक पातळ पापुद्रा असतो. त्याला जिव्हिका म्हणतात. नेपिअरमध्ये याच जागी बारीक केसांची झालर दिसते. गवते ओळखणाऱ्याची नजर आधी या सांध्याकडे जाते, कारण पानाची लांबी-रुंदी पाण्यावर आणि खतावर बदलते, पण सांध्याची ही रचना सहसा बदलत नाही.

आता फुलोरा पाहा. गिनी गवताचा फुलोरा मोकळा, फांद्याफांद्यांचा असतो. त्याच्या सर्वांत खालच्या फांद्या एकाच ठिकाणाहून चक्राकार निघतात. त्याचा दाणा भिंगाखाली धरला तर वेष्टनावर आडव्या सुरकुत्या दिसतात. दाणे पिकताच गळतात, म्हणून हे गवत रस्त्याच्या कडेलाही उगवते. नेपिअरचा फुलोरा अगदी वेगळा, बाटली धुण्याच्या ब्रशासारखा लांबट व केसाळ असतो. हे कणीस पाहून तुम्हाला बाजरीची आठवण झाली तर ती योग्यच आहे. ही दोन्ही जवळची भावंडे आहेत. दोघांच्या परागकोशाच्या टोकावर केसांचा इवलासा झुबका असतो, तो भिंगातून पाहता येतो.

ही भावंडे मूळची आफ्रिकेची. बाजरी सुमारे चार हजार वर्षांपूर्वी भारतात आली आणि इतकी आपली झाली, की तिच्या भाकरीला परकी म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. नेपिअर मात्र विसाव्या शतकातले पाहुणे. ऱ्होडेशियातील, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतील, कर्नल नेपिअर यांनी या गवताकडे शेती खात्याचे लक्ष वेधले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. जुन्या पुस्तकांत दोन्ही वनस्पती ‘पेनिसेटम’ या वंशात आढळतील. २०१० साली शास्त्रज्ञांनी हा वंश ‘सेंक्रस’मध्ये मिळवला. नवे पुस्तक वेगळे नाव सांगत असेल तर गोंधळू नका.

नेपिअर बहुवर्षायू आहे, उत्पन्न भरपूर देते, पण त्याची पाने खरबरीत असतात. बाजरीचा चारा मऊ, पण ती एका हंगामात संपते. मग शास्त्रज्ञांनी बाजरीच्या फुलावर नेपिअरचे पराग टाकले. त्यातून संकरित नेपिअर जन्मले. राहात्याहून याच रस्त्याने दक्षिणेस गेले की राहुरी लागते. तेथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेले ‘यशवंत’ आणि ‘फुले जयवंत’ हे अशाच संकराचे वाण आहेत. म्हणजे ‘यशवंत’ हे गवताच्या जातीचे नाव नसून वाणाचे नाव आहे.

या संकरित गवताचे एक वैशिष्ट्य त्याच्या पेशीत दडले आहे. बाजरीच्या पेशीत १४ गुणसूत्रे असतात, नेपिअरच्या पेशीत २८. प्रत्येकाकडून निम्मी येतात. ७ आणि १४ मिळून झाली २१. परागकण तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात. २१ ही विषम संख्या. सगळ्यांना जोडीदार मिळत नाहीत आणि परागकण पोकळ राहतात. घोडा आणि गाढव यांच्या संकरातून झालेल्या खेचराला पिले होत नाहीत, त्यामागेही गुणसूत्रांचा असाच बेबनाव असतो.

याची खात्री तुम्ही शाळेत करू शकता. शेतकरी हे गवत फुलोऱ्यापूर्वीच कापतात, म्हणून एक ठोंब न कापता राखायला सांगा. फुलोरा आल्यावर एक परागकोश काचपट्टीवर ठेचा, आयोडीनच्या विरल द्रावणाचा थेंब टाका आणि सूक्ष्मदर्शकातून पाहा. सोबत तुलनेसाठी बाजरीचा परागकोशही घ्या. बाजरीचे कण पिष्टाने भरलेले, म्हणून काळेनिळे होतील. संकरित गवताचे बहुतेक कण फिके आणि आक्रसलेले दिसतील. पान हाताळताना मात्र जपा, त्याची धार बोट कापते.

आता व्यवहाराकडे वळू. संकरित नेपिअरला कामाचे बी येत नाही, म्हणून ते दोन डोळ्यांच्या कांड्या किंवा मुळासकट ठोंब लावूनच वाढवतात. कोणी त्याचे बियाणे पुडीत घालून देऊ लागला, तर ‘हे उगवणार कसे?’ असा प्रश्न तुम्ही घरी विचारू शकता. आणखी एक गोष्ट. या गवतात ऑक्झलेट असते, ते जनावराच्या आहारातील कॅल्शियम अडवून धरते. म्हणून केवळ यावर गाय न ठेवता जोडीला द्विदल चारा द्यावा. नगरकडे नुसते ‘घास’ म्हटले की जो समजतो, तो लसूणघास या कामी उत्तम.

पुढच्या वेळी बांधावरून जाताना उंच गवत दिसले, तर नाव विचारण्याआधी पान खाली ओढून सांधा पाहा. मग फुलोरा शोधा. ओळख तुम्हीच पटवा आणि मग आजोबांना विचारा, की ते त्याला काय म्हणतात.