एकच माप

मार्च महिन्यातील सकाळ. गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशातील एखाद्या खेड्यातून निघालेली मुलगी परीक्षाकेंद्राची वाट चालत असते. त्याच वेळी मुंबईच्या गर्दीतून मार्ग काढीत एखादा मुलगा आपल्या केंद्राकडे लगबगीने जात असतो. दोघांच्या शाळा निराळ्या, शिक्षक निराळे, घरची परिस्थितीही निराळी. परंतु ठरलेली वेळ होताच दोघांच्याही हाती एकच प्रश्नपत्रिका पडते. ही किमया साधणारी संस्था म्हणजे महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ होय.

अशा मंडळाची आवश्यकता काय? प्रत्येक शाळेने आपल्या विद्यार्थ्यांची परीक्षा घ्यावी आणि प्रमाणपत्र द्यावे, एवढ्याने भागणार नाही काय? पूर्वी गावोगावची मापे निराळी असत. एका गावची पायली दुसऱ्या गावच्या पायलीशी जुळेलच असा नेम नसे. त्यामुळे धान्य देणारा आणि घेणारा या दोघांच्याही मनात संशय राही. शिक्षणाच्या व्यवहारातही मापे निरनिराळी असली, तर नामांकित शाळेच्या प्रमाणपत्राला भाव येईल आणि आडगावच्या शाळेतील हुशार मुलाचे गुण कोणी खरे मानणार नाही. हा अन्याय टाळावयाचा तर माप एकच हवे, आणि ते त्रयस्थाच्या हाती हवे.

आपल्याकडे हे माप प्रथम विद्यापीठाच्या हाती होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली व १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांपैकी होत. हीच परीक्षा पुढे ‘मॅट्रिक’ या नावाने घरोघरी परिचित झाली. परंतु महाविद्यालयात कोणास प्रवेश द्यावा, हे ठरविणे हा तिचा मूळ हेतू होता. शालेय शिक्षण संपवून शेती, व्यापार वा नोकरी यांकडे वळणाऱ्या बहुसंख्य मुलांचा विचार तीत गौण होता. म्हणून तत्कालीन मुंबई राज्यात १९४८ साली कायदा होऊन शालान्त परीक्षेसाठी स्वतंत्र मंडळ अस्तित्वात आले आणि मॅट्रिकची जागा एस. एस. सी. परीक्षेने घेतली.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, तेव्हा एक नवी अडचण पुढे आली. पश्चिम महाराष्ट्र मुंबई राज्यातून आलेला, विदर्भ पूर्वीच्या मध्यप्रांतातील आणि मराठवाडा हैदराबाद संस्थानातील. राज्य एक झाले, तरी शिक्षणाची घडी प्रत्येक भागात वेगळी होती. ती एकसारखी बसविण्याच्या दृष्टीने १९६५ साली कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९६६ रोजी राज्य मंडळाचे कार्य सुरू झाले. १९७५ पासून अकरावीऐवजी दहावीच्या अखेरीस शालान्त परीक्षा होऊ लागली. पुढे बारावीच्या परीक्षेची जबाबदारीही मंडळावर आली व त्याच्या नावात ‘उच्च माध्यमिक’ या शब्दांची भर पडली.

मंडळाची रचना वृक्षासारखी आहे. पुणे येथील राज्य मंडळ हे त्याचे खोड. पुणे, मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, कोल्हापूर, अमरावती, लातूर व कोकण ही नऊ विभागीय मंडळे म्हणजे त्याच्या शाखा. धोरण ठरविणे व सर्व विभागांत एकसूत्रता राखणे हे राज्य मंडळाचे काम, तर केंद्रे नेमून प्रत्यक्ष परीक्षा पार पाडणे हे विभागीय मंडळांचे काम होय.

अलीकडच्या वर्षांत दहावीच्या परीक्षेस पंधरा लाखांहून अधिक विद्यार्थी बसतात. एवढ्या मोठ्या कामात निःपक्षपातीपणा टिकावा, म्हणून प्रत्येक पायरीवर बंदोबस्त असतो. प्रश्नपत्रिका मोहोरबंद स्थितीत केंद्रावर पोहोचते. उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याने आपले नाव लिहावयाचे नसते. त्याची ओळख बैठक क्रमांकाने होते. परीक्षकाने गुण दिले, की नियामक त्यांतील काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतो. एका परीक्षकाचा हात सढळ व दुसऱ्याचा आखडता असू नये, हा यामागील हेतू. तरीही विद्यार्थ्याचे समाधान न झाल्यास त्याला गुणपडताळणीची मागणी करता येते. चूक होणारच नाही, असा दावा करण्यापेक्षा ती सुधारण्याची वाट मोकळी ठेवणे हेच न्यायाचे लक्षण आहे.

२०२१ साली करोनाच्या साथीमुळे दहावीची लेखी परीक्षा घेता आली नाही आणि शाळांतील मूल्यमापनावरून निकाल लावावा लागला. वर्षभर शाळेत होणाऱ्या मूल्यमापनाचे मोल त्या वेळी सर्वांच्या ध्यानी आले. त्याचबरोबर एका समान परीक्षेची उणीवही पुष्कळांना जाणवली.

मंडळाच्या व्यवस्थेत आणखी एक दार आहे. काही कारणाने ज्यांची शाळा सुटली, अशांना सतरा क्रमांकाचा अर्ज भरून खासगी रीतीने परीक्षेस बसता येते. दिवसभर काबाडकष्ट करून रात्री दिव्याखाली पुस्तक उघडणारी माणसे या दाराने आत येतात. मार्चमध्ये अपयश आलेल्यांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षाही घेतली जाते.

अर्थात, कोणतेही माप पारड्यात घातलेली वस्तूच तोलते. मुलाचा प्रामाणिकपणा, त्याच्या हातातील कसब, संकटात सापडलेल्या सोबत्यासाठी त्याने सोसलेली तोशीस, यांची नोंद गुणपत्रिकेत होत नाही. म्हणून गुणांनी फुगून जाऊ नये, की खचूनही जाऊ नये. माप खरे असावे, याची काळजी मंडळाने वाहावी. पारड्यात टाकावयाचे ते कष्टाने मिळविलेले असावे, याची काळजी मात्र ज्याची त्यानेच वाहिली पाहिजे.