कोणती प्रत ईश्वराची?

बायबल हे ईश्वराचे वचन आहे, या श्रद्धेपुढचे सर्वांत अवघड प्रश्न चर्चमधल्याच पंडितांच्या अभ्यासातून निघाले. नव्या कराराचे एकही मूळ हस्तलिखित आज उरलेले नाही. आहेत त्या नकलांच्या नकला. ग्रीक भाषेतल्या अशा पाच हजारांहून अधिक हस्तलिखितांची नोंद झाली आहे. त्यांत तळहाताएवढे पपायरसचे तुकडेही आहेत.

पंडित इरॅस्मसने 1516 मध्ये बाझेल येथे ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला. प्रकटीकरणाच्या पुस्तकाची त्याच्यापाशी एकच ग्रीक प्रत होती आणि तिचे शेवटचे पान गहाळ होते. काम घाईचे, म्हणून शेवटची सहा वचने त्याने लॅटिनवरून उलट ग्रीकमध्ये उतरवली. योहानाच्या पहिल्या पत्रात पिता, शब्द आणि पवित्र आत्मा यांचे ऐक्य उघडपणे सांगणारे एक वाक्य लॅटिन बायबलमध्ये रूढ होते. इरॅस्मसने पाहिलेल्या ग्रीक प्रतींत ते नव्हते, म्हणून त्याने गाळले. त्रैक्यावरच घाला घातला, अशी ओरड झाली. मग ते वाक्य असलेली एक ग्रीक प्रत पुढे आली, तीही बहुधा त्याच काळात लिहिलेली! 1522 च्या आवृत्तीत इरॅस्मसने नाराजीने ते घेतले. 1611 च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात ते आहे. आजची बहुतेक भाषांतरे ते वगळतात किंवा तळटीपेत ढकलतात.

ऑक्सफर्डच्या जॉन मिल याने 1707 मध्ये सुमारे 30,000 पाठभेद नोंदवले. मिल धर्मोपदेशक होता, पण त्याचा आकडा अँथनी कॉलिन्ससारख्या मुक्तविचारकांनी उचलला: मजकूरच निश्चित नसेल, तर प्रमाण कशाला मानायचे? पंडित रिचर्ड बेंटलीने उत्तर दिले की प्रती जितक्या अधिक, तितके भेद अधिक, आणि मूळ पाठ शोधण्याची साधनेही अधिक. हे उत्तर बिनतोड आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच विश्वासावर उभी केली. बहुतेक पाठभेद शुद्धलेखनाचे किंवा शब्दक्रमाचे असतात, हेही खरे. तरी मार्कच्या शुभवर्तमानाची शेवटची बारा वचने, ज्यांत पुनरुत्थित येशूची दर्शने आहेत, ती चौथ्या शतकातल्या सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही थोर हस्तलिखितांत नाहीत. हा फरक शुद्धलेखनाचा नव्हे.

पाठ निश्चित झाला तरी शंका संपत नाहीत. दाविदाने अब्याथार महायाजक असताना पवित्र भाकर खाल्ली, असे मार्कच्या दुसऱ्या अध्यायात येशू म्हणतो. जुन्या करारातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात त्या प्रसंगी याजक अहीमलेख आहे. यहूदाने गळफास घेतला असे मत्तय सांगतो, तर प्रेषितांच्या कृत्यांत तो शेतात पडून पोट फुटून मरतो. दोन्हींची सांगड घालणारी स्पष्टीकरणे आहेत, पण ओढाताण लपत नाही.

शिवाय कोणती पुस्तके पवित्र, हे कोणी ठरवले? नव्या कराराच्या आजच्या 27 पुस्तकांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसच्या 367 मधल्या पत्रात प्रथम आढळते. संपूर्ण बायबल कॅथलिकांचे 73 पुस्तकांचे, प्रोटेस्टंटांचे 66 चे. सर्व शास्त्रलेख ईश्वरप्रेरित आहेत, हे तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातले विधान पुरावा म्हणून पुढे केले जाते. पण ते लिहिले गेले तेव्हा नव्या कराराची यादीच नव्हती. आणि ग्रंथाची थोरवी ग्रंथाच्याच शब्दाने सिद्ध करणे संशयवाद्याला पटत नाही.

या शंकांना दोन प्रकारची उत्तरे मिळाली. अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल विद्वानांनी 1978 च्या शिकागो निवेदनात अचूकता मूळ हस्तलिखितांपुरती मानली. ती हस्तलिखिते कोणीच पाहिलेली नसल्याने हा दावा तपासता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये मानवी लेखकांचा वाटा आणि त्यांच्या काळच्या लेखनशैली मान्य केल्या, आणि शास्त्रातले सत्य तारणाच्या हेतूशी जोडले. शास्त्राचा अधिकृत अर्थ लावण्याचे काम मात्र परिषदेने चर्चच्या अधिकारपीठाकडेच ठेवले. सोळाव्या शतकात प्रोटेस्टंट वेगळे झाले, ते बऱ्याच अंशी याच मुद्द्यावर.