फरशी पुसताना घ्यावयाची काळजी

फरशी स्वच्छ असावी असे कोणाला वाटत नाही? परंतु ती धुण्यासाठी वापरलेले काही पदार्थ घाणीपेक्षाही घातक ठरतात. सततचा ठसका, डोळ्यांची आग, हाताची सालपटे निघणे अशा तक्रारी घेऊन कोणी आले, की मी आधी विचारतो, "फरशी कशाने धुता?"

आपल्याकडे पुष्कळ घरांत शहाबादी फरशी आहे. हा चुनखडीचा दगड. त्यावर ॲसिड टाकले की फेस येतो; तो मळ निघाल्याचा नव्हे, दगड विरघळत असल्याचा असतो. अशी फरशी खडबडीत होऊन पुढे अधिकच मळ धरते. रोजच्यासाठी साबणाचे पाणी व स्वच्छ पोछा पुरेसा आहे. कोरड्या झाडूने धूळ उडते, म्हणून घरात दमेकरी असल्यास ओल्या फडक्यानेच पुसावे.

ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर कदापि एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो. पहिल्या महायुद्धात, 1915 साली, हाच वायू सैनिकांवर सोडला होता. लहानशा बंद मोरीत तो फुफ्फुसांना इजा करतो. ठसका लागताच काम टाकून मोकळ्या हवेत यावे.

गॅरेजमध्ये सांडलेले ऑइल पेट्रोलने पुसू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. ऑइलवर लाकडाचा भुसा टाकावा, तो झाडून घ्यावा, मग धुण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने खराट्याने घासावे. हातात रबरी मोजे असावेत.

2017 च्या खरिपात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पोछ्याच्या पाण्यासाठी घेऊ नये. फिनेल, ॲसिड किंवा रॉकेल थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये. मुले सरबत समजून पितात. तसे घडल्यास मीठपाणी पाजून ओकारी काढू नका. ओकताना अन्ननलिका पुन्हा भाजते, रॉकेल फुफ्फुसात उतरते. ती बाटली सोबत घेऊन तातडीने दवाखाना गाठा. डोळ्यात उडाल्यास आधी पंधरा ते वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, मग डॉक्टरांकडे जा.

फरशीला थोडी चमक कमी असली तरी चालेल. तिच्यावर रांगणारे मूल सुखरूप असले पाहिजे.